खुरातलं भोक

६ मे २०२३. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात त्या दिवशी केंटकी डर्बी होती. तीन वर्षांच्या घोड्यांची ही तिकडची सगळ्यात मोठी रेस. भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी आपल्याकडे जे वातावरण असतं, साधारण तसलाच प्रकार. त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी 'फोर्टे' नावाच्या घोड्याचं नाव होतं. सट्टा बाजारात तोच पहिल्या पसंतीचा. आणि रेसच्या दिवशी सकाळी सरकारी रेसिंग कमिशनच्या पशुवैद्यांनी त्याचं नाव यादीतून काढून टाकलं. कारण काय, तर उजव्या पुढच्या खुराला मुका मार.

शिवाय त्याला १४ दिवस पशुवैद्यांच्या यादीवर टाकलं, त्यामुळे दोन आठवड्यांनी होणारी प्रीकनेस ही दुसरी मोठी रेसही हुकली. तीन वर्षांचा घोडा आयुष्यात एकदाच तीन वर्षांचा असतो. डर्बी हुकली ती कायमची हुकली. मालकाचं काय झालं असेल विचार करा. पण पाच आठवड्यांनी, जूनमध्ये, हाच घोडा बेलमाँट स्टेक्समध्ये धावला आणि दुसरा आला.

आता यावर दोन प्रकारचे लोक दोन प्रकारे बोलले. एक पक्ष म्हणाला, "बघा, घोड्याला काहीही झालं नव्हतं, उगाच काढलं." दुसरा पक्ष म्हणाला, "बघा, वेळेवर थांबवलं म्हणूनच पाच आठवड्यांनी धडधाकट धावला." मी दुसऱ्या पक्षातला. आणि का ते सांगायला मला खुराच्या आत शिरावं लागणार आहे. तेव्हा चहा घेऊन बसा, जरा लांबण लागेल.

मी घोड्यांचा डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ज्या यंत्रणेत बिघाडाची खूण सगळ्यांना दिसते आणि ती खूण बंद करण्यातच सगळ्यांचा फायदा असतो, अशा यंत्रणांशी माझा रोजचा संबंध आहे. :)

मधल्या बोटाच्या नखावर ४५० किलो

आधी पायाची रचना. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो 'गुडघा' आपण म्हणतो, तो खरं तर त्याचा मनगटाचा सांधा. त्याच्या खाली जे काही आहे तो त्याचा तळहात आणि एकच बोट, मधलं. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. म्हणजे घोडा जन्मभर प्रत्येक पायाच्या एका बोटाच्या टोकावर, नख टेकवून उभा असतो. रेसच्या घोड्याचं वजन साधारण ४५० ते ५०० किलो. त्यातलं सुमारे ६० टक्के पुढच्या दोन पायांवर. आणि भरधाव पळताना एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर असतो, तोही शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त.

गुडघ्याच्या खाली स्नायू जवळपास नाहीतच. नुसती हाडं, कंडरा, कातडी. आणि अगदी खाली खुराच्या टणक डबीत तीन हाडं : सगळ्यात खालचं, ज्याला इंग्रजीत 'कॉफिन बोन' म्हणतात (शवपेटीत ठेवल्यासारखं खुरात बंद असतं म्हणून), त्याच्या मागचं छोटं नावेच्या आकाराचं 'नॅव्हिक्युलर', आणि वरून अर्धवट आत आलेलं पेराचं हाड. या तिघांचा मिळून एक सांधा.

ही डबी फार हुशारीने बनलेली आहे, पण तिचा एक तोटा आहे. आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. आपलं बोट ठणकलं तर सुजतं, लाल होतं, चारचौघांना दाखवता येतं. खूर सुजू शकत नाही. अनुभवी मोतद्दार खुरावर हात ठेवून ऊब बघतो, पायाच्या मागच्या बाजूला नाडीचा ठोका जोरात लागतोय का ते बघतो, नालबंद चिमट्याने खूर दाबून घोडा दचकतो का ते बघतो. पण दुखणं अगदी हाडाच्या पोटात असेल तर यातलं काहीच बोलत नाही.

'खूर नाही तर घोडा नाही' अशा अर्थाची इंग्रजीत जुनी म्हण आहे. ती काही उगाच पडलेली नाही.

भोक पडतं कसं

आता मुद्द्याचं. सांध्यात हाडाच्या टोकावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्या कूर्चेच्या लगेच खालच्या हाडात कधीकधी एक पोकळी तयार होते. एक्स-रेवर पाहिलं तर गोल किंवा अंड्याच्या आकाराचा काळा डाग. याला 'बोन सिस्ट' म्हणतात. आत द्रव आणि तंतुमय पेशींचं अस्तर असतं.

रेसच्या घोड्यांत हे सगळ्यात जास्त आढळतं ते मागच्या पायाच्या खऱ्या गुडघ्यात, मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला. खुरातल्या हाडात त्या मानाने कमी. पण खुरात झालं तर शोधायलाही अवघड आणि हात घालायलाही अवघड, कारण वर ती डबी.

का होतं? दोन मुख्य तर्क आहेत. एक, कूर्चेला बारीक चीर पडते आणि प्रत्येक पावलागणिक सांध्यातलं पाणी दाबाने त्या चिरेतून हाडात घुसतं. पावसाळ्यात डांबराच्या भेगेत पाणी शिरतं, वरून ट्रक जातात आणि आठवड्याभरात खड्डा होतो, तसंच. दुसरा तर्क असा की त्या पोकळीचं अस्तरच दाह वाढवणारी रसायनं सोडतं आणि ती रसायनं हाड खाणाऱ्या पेशींना कामाला लावतात. म्हणजे खड्डा स्वतःच स्वतःला मोठा करतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. याच्या मागे कधी वाढीच्या वयात कूर्चेचं हाडात रूपांतर नीट न होणं असतं, कधी मार असतो.

आणि वय बघा. हे बहुतेक वेळा एक ते तीन वर्षांच्या घोड्यांत लक्षात येतं. थरोब्रेड घोडा दोन वर्षांचा झाला की ट्रेनिंगमध्ये असतो, तीन वर्षांचा झाला की डर्बीत. म्हणजे ज्या वयात हाड अजून पक्कं होतंय, त्याच वयात त्याच्याकडून सगळ्यात जास्त काम घेतलं जातं.

लंगडणं वाचायचं कसं

घोडा दुडक्या चालीने चालवून बघतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. सोपं आहे ना? नाही. कारण दोन्ही पाय दुखत असतील तर डोकं कुठेच जात नाही, पावलं फक्त आखूड पडतात आणि लोक म्हणतात, "आज जरा आळसावलाय." शिवाय लंगडणं अगदी हलकं असेल तर निष्णात पशुवैद्यांचंही एकमत होत नाही, हे अभ्यासांमध्ये दिसून आलेलं आहे. म्हणून आता डोक्यावर, कमरेवर आणि पायावर छोटे सेन्सर लावून चालीतला डावा-उजवा फरक मोजणारी यंत्रं निघाली आहेत. (हा भाग वाचताना मला किती आनंद झाला असेल ते सांगायला नको.)

लंगडतोय हे कळलं, पण पायात कुठे? इथे पशुवैद्यांची पद्धत मला फार आवडते. पायाच्या अगदी खालच्या भागातल्या नसांजवळ भूल देणारं इंजेक्शन द्यायचं आणि घोडा परत पळवायचा. लंगडणं गेलं तर दुखणं त्या भागात. नाही गेलं तर थोडं वरच्या नसा बधिर करायच्या, परत पळवायचं. असं खालून वर सरकत जायचं. आमच्याकडे कोडमधला दोष शोधताना एकेक भाग बंद करून बघतात, अगदी तेच. कधीकधी डावा पाय बधिर केला की घोडा अचानक उजव्या पायाने लंगडायला लागतो. म्हणजे दुखत होते दोन्ही, दिसत होतं एकच.

मग एक्स-रे. पण हाडातला बदल बऱ्यापैकी झाल्याशिवाय एक्स-रेत दिसत नाही, आणि खुरातली हाडं एकमेकांवर चढलेली दिसतात. पोकळी छोटी असेल किंवा नुकती सुरू झाली असेल तर एक्स-रे साफ येतो. एमआरआयमध्ये ती दिसते. पूर्वी त्यासाठी घोड्याला पूर्ण भूल देऊन आडवं करावं लागे, आणि घोड्याला पूर्ण भूल देणं हे स्वतःच जोखमीचं काम आहे; शंभरात एकाच्या आसपास घोडे त्यातून उठत नाहीत. २००० नंतर उभ्या घोड्याच्या पायाचा एमआरआय काढणारी यंत्रं आली. थोडं गुंगीचं औषध द्यायचं, पाय चुंबकात ठेवायचा, झालं. कॅलिफोर्नियातल्या सँटा अनिटा रेसकोर्सवर तर २०१९ च्या अखेरीस उभ्या घोड्याच्या पायाचं पेट स्कॅनही सुरू झालं. ते का सुरू झालं ते पुढे सांगतो.

सुईचा प्रश्न

पोकळी सापडली. आता काय? पर्याय असे : कित्येक महिने विश्रांती. किंवा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून पोकळी खरवडून साफ करणं. खुरात ती दुर्बीण पोचत नसेल तर खुराच्या भिंतीला भोक पाडून आत जाणं, आणि मग ते भोक नख वाढून भरायची वाट बघणं. (गुडघ्यातल्या पोकळीत आरपार स्क्रू बसवायची पद्धतही अलीकडे वापरात आली आहे.) किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन, सांध्यात किंवा थेट त्या पोकळीच्या अस्तरात.

हे इंजेक्शन काही पाप नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. अस्तर दाह निर्माण करतं म्हटल्यावर त्या अस्तरात दाहशामक औषध टाकणं हा शुद्ध वैद्यकीय विचार आहे. पोकळीत अचूक दिलं, पुढे पुरेशी विश्रांती दिली, पुन्हा फोटो काढून बघितलं, तर त्याचा उपयोग होतो.

माझं भांडण दुसऱ्या प्रकाराशी आहे. सांध्यात इंजेक्शन द्यायचं, चार दिवसांत घोडा सरळ चालायला लागला की पळवायचा. लंगडायला लागला की पुन्हा सुई. इथे औषध हाडाला दिलेलं नसतं, कॅलेंडरला दिलेलं असतं. रेस अमुक तारखेला आहे, तोपर्यंत पाय गप्प बसला पाहिजे.

आमच्या धंद्यात रात्री तीनला सर्व्हरचा अलार्म वाजतो. दोन रस्ते असतात. डिस्क का भरतेय ते शोधायचं, किंवा अलार्म म्यूट करून झोपायचं. म्यूट केला की खरंच शांतता होते. डिस्क भरतच असते. फरक एवढाच की आमची डिस्क बदलून मिळते.

आणि पाय बदलून मिळत नाही याचं उदाहरण हवं असेल तर बार्बारो आठवा. २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेला घोडा. दोनच आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये त्याचा उजवा मागचा पाय मोडला. त्याला सिस्ट होती असं मी म्हणत नाही, तो सरळ अपघात होता. पण पुढे काय झालं ते बघा. पेनसिल्व्हेनियाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये शस्त्रक्रिया झाली, प्लेट-स्क्रू बसले, देशभरातून फुलं आणि गाजरं आली. मोडलेला पाय भरत आला, आणि त्या पायाचा भार उचलून उचलून दुसऱ्या मागच्या पायाचा खूर आतून सुटायला लागला. मग पुढच्या खुरांनाही तेच झालं. २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावं लागलं. घोड्याला तीन पायांवर महिनोन् महिने उभं ठेवता येत नाही आणि पलंगावर झोपवताही येत नाही. एका पायाचं कर्ज बाकीचे तीन फेडतात. खुरातली छोटी पोकळी जिवावर बेतत नाही हे खरं, पण घोडा तो पाय वाचवत पळतो तेव्हा दुसऱ्या पायावर काय साचत जातं, त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या रेसच्या घोड्यांच्या नोंदी तपासून केलेल्या एका अभ्यासात, सांध्यात स्टेरॉइड दिलेल्या घोड्यांना नंतरच्या काळात हाडा-सांध्यांची दुखापत होण्याचा धोका जास्त दिसला. यात औषधाचा दोष किती आणि मुळात सांधा दुखरा होता म्हणून औषध दिलं याचा किती, हे वेगळं करणं कठीण. पण माझ्या मुद्द्याला दोन्ही चालतं. सुई दिली याचा अर्थ तिथे काहीतरी आहे. ती नोंद म्हणजेच माहिती.

ठरवायचं कोणी?

तबेल्यातली माणसं मोजा. मालक, ट्रेनर, जॉकी, पशुवैद्य, मोतद्दार, नालबंद. यातल्या पाच जणांचे पैसे पहिल्याकडून येतात. घोडा पळाला नाही तर ट्रेनरचा घोडा दुसऱ्या तबेल्यात जातो, जॉकीची राइड जाते, पशुवैद्याचं गिऱ्हाईक जातं. सगळी माणसं चांगली आहेत असं धरून चाला. बहुतेक असतातच, मोतद्दारासारखी माया घोड्यावर कोणी करत नाही. तरीही या सहा जणांत "आज नको" म्हणण्यात कोणाचाच फायदा नाही. घोड्याचा आहे, पण त्याला बैठकीला बोलवत नाहीत.

आपल्या इतिहासात हा प्रश्न जुना आहे. शिवकाळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार. बारगीराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा कोणाच्या मालकीचा यावर तो कसा वापरला जाईल हे ठरतं, हे तेव्हाही लोक ओळखून होते. आणि मोगलांकडे तर घोड्यावर डाग देऊन त्याची नोंद ठेवत, कारण हजेरीला चांगला घोडा दाखवायचा आणि मोहिमेला मरतुकडा आणायचा हा उद्योग सर्रास चाले. सत्तेला घोड्याची नोंद ठेवावीशी वाटली ती भूतदयेने नाही, फसवणूक नको म्हणून. मला चालेल. कारण कुठलंही असो, नोंद राहू दे.

म्हणून माझं मत असं : रेसच्या घोड्याचा पायाचा इतिहास घोड्याबरोबर फिरला पाहिजे. कुठल्या पायात, कुठल्या सांध्यात, कधी, कोणतं इंजेक्शन दिलं. एक्स-रे, एमआरआय. किती दिवस विश्रांती दिली. आणि ही फाइल मालक बदलला, ट्रेनर बदलला, गाव बदललं तरी पुढच्या माणसाला मिळाली पाहिजे. तांत्रिक अडचण काहीच नाही. अमेरिकेत २०१७ पासून जन्मलेल्या प्रत्येक थरोब्रेड शिंगराला मायक्रोचिप असते. ओळख पटवायचा नंबर आहेच, त्याच्याशी फाइल जोडायची आहे. दुसरं, रेसच्या आधी "नको" म्हणण्याचा अधिकार अशा पशुवैद्याकडे हवा ज्याचा पगार तबेल्यातून येत नाही. फोर्टेच्या बाबतीत नेमकं तेच घडलं. सगळा देश बघत असताना, पहिल्या पसंतीच्या घोड्याला, डर्बीच्या सकाळी. याला धैर्य लागतं, आणि त्याच्या पाठीशी नियम लागतो.

"पण..."

आता आक्षेप. प्रामाणिकपणे घेतो.

"घोड्यांना पळायला आवडतं. दुखत असेल तर तो पळणारच नाही." पहिलं वाक्य मान्य. दुसरं नाही. घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपात लंगडा दिसणारा पहिला पकडला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. आजूबाजूला दहा घोडे सुटलेत, पाठीवर माणूस आहे, अशा वेळी तो पायाचा विचार करत नाही. आणि सुई दिलेली असेल तर पाय त्याला सांगतही नाही.

"मग प्रत्येक घोड्याचा एमआरआय काढायचा का? परवडेल कोणाला?" नको. चाल नीट बघणं, नस बधिर करून जागा शोधणं आणि साधा एक्स-रे यात बहुतेक काम होतं. महाग यंत्र शेवटच्या दहा-वीस जणांसाठी. आणि वहीत नोंद करायला तर पेन पुरतं.

"एवढी माहिती उघडी केली तर चांगले घोडेही कोणी घेणार नाही." हा आक्षेप मात्र खरा आणि वजनदार आहे. केंटकीतल्या लिलावांत १९९० च्या दशकापासून विक्रीच्या घोड्यांचे एक्स-रे एका जागी ठेवतात, खरेदीदाराचा पशुवैद्य ते बघून सल्ला देतो. त्यामुळे फसवणूक कमी झाली, पण एक नवीन आजार आला : फोटोत जरा डाग दिसला की गिऱ्हाईक पळालं. प्रत्यक्षात छोट्या पोकळ्या असलेले कित्येक घोडे आयुष्यभर न लंगडता पळतात. एक्स-रेतला डाग आणि दुखणारा पाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे काळजी अशी की विक्रेता माहिती लपवायला शिकेल, किंवा दीड वर्षाच्या पोरावर नुसता फोटो चांगला यावा म्हणून शस्त्रक्रिया करून टाकेल.

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. एकच फोटो असतो तेव्हा घबराट होते. पाच वर्षांचे फोटो आणि त्याबरोबर चालीची नोंद असेल तर "डाग आहे, पण तीन वर्षांत वाढला नाही आणि घोडा कधी लंगडला नाही" असं म्हणता येतं. कमी माहितीने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त अर्धवट माहितीने होतं. औषध एकच : आणखी माहिती.

आकडे हलतात

कोणी म्हणेल, हे सगळं बोलायला ठीक, रेसच्या धंद्यात काही बदलत नसतं. बदलतं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस सुरू झालेल्या सीझनमध्ये सँटा अनिटावर २०१९ च्या जूनपर्यंत ३० घोडे मेले. मार्चमध्ये रेस थांबवाव्या लागल्या, देशभर आरडाओरडा झाला. त्यातूनच तिथे तपासण्या कडक झाल्या, औषधांवर बंधनं आली आणि ते पेट स्कॅन आलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत राष्ट्रीय कायदा झाला, २०२२ च्या जुलैपासून सुरक्षेचे नियम आणि २०२३ च्या मेपासून औषधांचे नियम लागू झाले. त्यात सांध्यात सुई दिल्यावर १४ दिवस रेस नाही, हा नियम आला.

२००९ मध्ये तिकडे दर हजार धावांमागे दोन घोडे दगावत. २०२२ मध्ये हा आकडा १.२५ वर आला. नव्या यंत्रणेखालच्या रेसकोर्सवर २०२४ मध्ये तो ०.९० होता. म्हणजे निम्म्याहून कमी. आणि हे कळतं कारण ते २००९ पासून मोजताहेत आणि जाहीर करताहेत. जे मोजत नाही ते सुधारत नाही, हे आमच्याकडचं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य इथे मात्र अक्षरशः लागू पडतं.

आपल्याकडे

पुण्यात पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर सीझन असतो, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर. फेब्रुवारीत इंडियन डर्बी. आपल्या दोन शहरांच्या मधोमध हे सगळं चालतं आणि वर्तमानपत्रात आपण फक्त निकाल वाचतो. माझी मागणी छोटी आहे : प्रत्येक सीझनच्या शेवटी किती घोडे धावले, किती जखमी झाले, किती दगावले, एवढे तीन आकडे निकालाशेजारी छापून यावेत.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. रेसचा घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की बहुतेकदा निवृत्त होतो. घोड्याचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं. म्हणजे तीन चतुर्थांश आयुष्य पुढे पडलेलं असतं. काही स्टडवर जातात. पुण्याच्या पूनावाला स्टडमधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, त्यांच्या रक्तातून प्रतिविषं तयार व्हायची. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना निघाली, हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत आहे. बाकीचे घोडे घोडेस्वारीच्या शाळेत जातात, काही वरातीत, काही थंड हवेच्या ठिकाणी पर्यटक पाठीवर घेऊन दगडगोट्यांच्या रस्त्यावर.

तिथे तो घोडा विकत घेणाऱ्या माणसाच्या हातात काय असतं? घोडा आणि लगाम. डाव्या पुढच्या खुरात पोकळी आहे, तीनदा सुई दिली होती, म्हणून स्वस्तात निघाला, हे त्याला कोणी सांगत नाही. सुईचा असर उतरतो, घोडा लंगडायला लागतो, आणि तो बिचारा घोडेवाला (ज्याचं घर त्या एका जनावरावर चालतं) नालबंदाला शिव्या घालतो, घोड्याला माजलेला म्हणतो, दोन फटके जास्त मारतो. फसवला गेला घोडेवाला, फटके घोड्याला.

एक कागद बरोबर आला असता तर? त्याने तो घोडा कदाचित घेतलाच नसता. किंवा घेतला असता, पण मऊ मातीत लहान पोरांना फिरवण्यापुरता. घोडेही जगले असते आणि त्याचा संसारही.

रेस बंद करा असं मी म्हणत नाही. ते वेगळं भांडण आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मी एवढंच म्हणतो की जोपर्यंत घोडे पळताहेत तोपर्यंत लंगडणारा घोडा काय सांगतोय ते लिहून ठेवा, आणि तो कागद त्याच्या गळ्यात बांधून पुढे पाठवा. त्याने पाय उचलून सांगायचं तेवढं सांगितलंय. बाकीचं काम अक्षर येणाऱ्यांचं आहे.